आठ इंची वूफर, बारा लिटरचा बॉक्स: गाडीतला बेस घरी घडवताना

सीएनजीची टाकी बसली की हॅचबॅकच्या डिकीत किती जागा उरते, हे अशी गाडी चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. माझ्या गाडीत टाकी आणि डिकीचं दार यांच्यामध्ये जेमतेम ३० सेंटिमीटर उरतात. तिथे बारा इंची वूफरचा बॉक्स मावत नाही, आणि सीटखाली सरकवायचे तयार चपटे सबवूफर ऐकून माझं समाधान होत नव्हतं. म्हणून आठ इंची वूफर आणला आणि त्याचा बॉक्स घरी बांधला. ज्यांनी आजवर असा एकही बॉक्स बांधलेला नाही, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. कॅल्क्युलेटर, मोजपट्टी, ड्रिल, जिगसॉ, शिकंजे आणि मल्टिमीटर एवढी हत्यारं पुरतात. एक रविवार कापणी-जोडणीला द्या आणि दुसरा जुळवणीला.

एक मत आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. वूफर छोटा असेल तर पहिला बॉक्स बंद प्रकारचा करा, त्याचं माप हिशोबाने काढा आणि तो पूर्ण हवाबंद करा. वॉटचा विचार त्यानंतर. दुकानात बोलणं बहुतेक वेळा उलट्या क्रमाने होतं. अ‍ॅम्प किती वॉटचा, वूफर किती वॉटचा, हे आधी ठरतं आणि बॉक्स शेवटी, जो शिल्लक असेल तो. खरं तर वूफरच्या मागे कोंडलेली हवा त्याच्या कोनला (हलणाऱ्या पडद्याला) स्प्रिंगसारखी धरून ठेवते. ती स्प्रिंग किती ताठ असावी हे बॉक्सच्या लिटरवर ठरतं. चुकीच्या बॉक्समध्ये महागडा वूफरही घुमतो किंवा दमतो, आणि नेमक्या बॉक्समधला साधा वूफर मन प्रसन्न करतो.

छोट्या वूफरकडून काय मागावं

आवाजाची पातळी तीच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं, म्हणजे ८० हर्ट्झवरून ४० वर यायचं, तर कोनला चौपट हवा ढकलावी लागते. आठ इंची वूफरच्या कोनचं क्षेत्रफळ साधारण २१० चौरस सेंमी असतं, बारा इंचीचं ४८० च्या आसपास. त्यामुळे ३० हर्ट्झच्या खाली गाडी हादरवणं हे आठ इंचीचं काम नाही. पण संगीताला लागतं ते बहुतेक सगळं त्याला जमतं. बेस गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते. काळी एक पट्टीत लावलेल्या मर्दानी तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या जवळ येतो. दारातल्या कंपनीच्या स्पीकरमधून हा खर्ज कधी नीट ऐकू आला नव्हता. बॉक्स बसवल्यावर भीमपलासाच्या आलापामागे तो पहिल्यांदा भरून आला, तेव्हा केलेल्या कष्टांचं सार्थक वाटलं.

पहिली पायरी: कागदावरचे आकडे

वूफरसोबत आकड्यांचा तक्ता येतो. ज्या वूफरचा तक्ता मिळत नाही तो घेऊ नका. दिसायला कितीही दणकट असला तरी त्याचा बॉक्स अंदाजाने करावा लागेल. तक्त्यात आपल्या कामाच्या मुख्य गोष्टी चार आहेत.

एफएस म्हणजे मोकळ्या हवेत वूफर ज्या फ्रिक्वेन्सीला सर्वांत सहज हलतो ती. क्यूटीएस म्हणजे त्या हालचालीला चुंबक आणि सस्पेन्शन (कोनला धरून ठेवणारा लवचीक भाग) मिळून किती आवर घालतात त्याचं माप. आकडा जितका लहान, तितका लगाम घट्ट. व्हीएएस म्हणजे वूफरच्या सस्पेन्शनइतकाच लवचीकपणा किती लिटर हवेत असतो तो आकडा. आणि एक्समॅक्स म्हणजे कोन एका दिशेला किती मिलिमीटर जाईपर्यंत आवाज शुद्ध राहतो ते.

या आकड्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये पोर्टेड (हवा आत-बाहेर जायला पाइप असलेल्या) बॉक्सचं गणित मांडलं, आणि सिडनीत काम करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते पुढे नेऊन बंद बॉक्सलाही लागू केलं. त्याआधी बॉक्स करणारे बऱ्याच अंशी अनुभवावर आणि कानावर चालत. लहान बंद बॉक्समधल्या हवेलाच स्प्रिंग म्हणून वापरायची कल्पना त्याहून जुनी आहे. अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये तसा स्पीकर बाजारात आणला, तेव्हा कपाटाएवढ्या बॉक्समधून निघणारा बेस पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या पेटीतून येऊ लागला. आपण डिकीत करतो आहोत ते त्याच कल्पनेवर.

पुढच्या हिशोबासाठी एक नमुना वूफर धरू: एफएस ३४ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४२, क्यूईएस (क्यूटीएससारखंच, पण फक्त चुंबकाच्या आवराचं माप) ०.४५, व्हीएएस २२ लिटर, एक्समॅक्स ९ मिमी, १५० वॉट आरएमएस (सतत झेपणारी ताकद). तुमच्या वूफरचे आकडे वेगळे असतील, रीत तीच. वॉट बघताना फक्त आरएमएस बघा. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला कमाल वॉटचा आकडा हिशोबात कुठेच येत नाही.

दुसरी पायरी: बंद की पोर्टेड

एक सोपी चाचणी आहे. एफएसला क्यूईएसने भागा. उत्तर ५० च्या आसपास किंवा खाली आलं तर वूफर बंद बॉक्सचा, १०० च्या वर गेलं तर पोर्टेडचा. आपल्या नमुन्यात ३४ ÷ ०.४५ = ७५ च्या थोडं वर, म्हणजे दोन्ही चालतील. मग निवड गाडीवर सोडायची.

गाडीची केबिन ही लहान, बंद खोली आहे. ध्वनीची अर्धी लहर केबिनच्या लांबीपेक्षा मोठी झाली की वूफर केबिनमधल्या सगळ्या हवेचा दाब एकदम कमी-जास्त करू लागतो आणि बेस आपोआप वाढतो. केबिन आतून अडीच मीटर धरली तर हा फायदा ३४३ (ध्वनीचा वेग, मीटर दर सेकंद) ÷ ५ (लांबीची दुप्पट), म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास सुरू होतो. त्याखाली पूर्ण बंद पेटीत तो दर सप्तकाला १२ डेसिबलने वाढला असता. गाडीचा पत्रा लवतो, फटींतून हवा जाते, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी मिळतो. गंमत अशी की बंद बॉक्सचा आवाजही खाली जाताना दर सप्तकाला १२ डेसिबलनेच उतरतो. एकीकडून उतार, दुसरीकडून चढ, आणि ड्रायव्हरच्या कानापाशी बेस जवळजवळ सपाट पोचतो. घरात पातळ वाटणारा बंद बॉक्स गाडीत भरदार का वाटतो, ते यामुळे. काचा उघडल्या की हा फायदा कमी होतो, म्हणून जुळवणी नेहमी काचा बंद करून करा.

पोर्टेड बॉक्स जास्त जोरात वाजतो, हे खरं. पण त्याला जागा जास्त लागते, चूक झाली तर तो माफ करत नाही, आणि पोर्टच्या ट्यूनिंगखाली (पोर्टमधली हवा ज्या फ्रिक्वेन्सीला घुमते तिच्याखाली) कोनवर हवेचा लगाम राहत नाही. पहिल्या बॉक्ससाठी माझं उत्तर बंद हेच आहे. बँडपाससारखे प्रकार सध्या बाजूला ठेवा.

तिसरी पायरी: लिटरचा हिशोब

बॉक्समध्ये बसल्यावर क्यूटीएस वाढतो. त्या नव्या आकड्याला क्यूटीसी म्हणतात. ०.७ च्या आसपास आवाज समतोल आणि चपळ राहतो. १ च्या वर गेला की एकच सूर घुमत राहतो. सूत्र असं:

बॉक्सचे लिटर = व्हीएएस ÷ [(क्यूटीसी ÷ क्यूटीएस)² − १]

०.७०७ ÷ ०.४२ = १.६८. त्याचा वर्ग २.८३, एक वजा केला की १.८३. आता २२ ÷ १.८३ = १२ लिटर. बॉक्सची नवी रेझोनन्स फ्रिक्वेन्सी (बॉक्समध्ये एफएसची जागा घेणारी) ३४ × १.६८ = ५७ हर्ट्झ. या बॉक्समध्ये ४० हर्ट्झला आवाज सुमारे ७ डेसिबल मागे पडतो, आणि तेवढी तूट केबिन बरीचशी भरून काढते.

जागा त्याहून कमी असेल तर? क्यूटीसी ०.९ धरून हाच हिशोब केला तर ६.१ लिटर येतात. बॉक्स निम्मा झाला, पण रेझोनन्स ७३ हर्ट्झवर चढला आणि ४० हर्ट्झला आवाज जवळपास १० डेसिबल मागे गेला. म्हणजे निम्म्या जागेची किंमत खालच्या टोकाला ३ डेसिबलपेक्षा थोडी कमी पडली. सीटखाली बॉक्स बसवायचा असेल तर हा सौदा वाईट नाही. मात्र ३ डेसिबल भरून काढायचे तर अ‍ॅम्पची ताकद दुप्पट लागते, हे लक्षात ठेवा.

१२ लिटर ही निव्वळ हवा झाली. वूफरचं चुंबक आणि सांगाडा साधारण १ लिटर खातात (नेमका आकडा तक्त्यात असतो), आतली आधारपट्टी ०.३ लिटर. म्हणून आतलं एकूण माप १३.३ लिटर हवं. २६ × २६ × १९.७ सेंमी हे माप बरोबर तेवढं भरतं. १८ मिमी जाडीचं लाकूड धरलं की बाहेरून २९.६ × २९.६ × २३.३ सेंमी. माझ्या ३० सेंमीच्या फटीत बॉक्स बसून दाराकडे साडेसहा सेंमी उरले, कोन आणि जाळीला पुरेसे.

कापायचे तुकडे: पुढची आणि मागची फळी २९.६ × २९.६ (दोन), वरची आणि खालची २९.६ × १९.७ (दोन), बाजूच्या २६ × १९.७ (दोन). चार बाय दोन फुटांच्या तुकड्यात हे सगळं निघून आधारपट्टीलाही लाकूड उरतं. कापायला देण्याआधी पुठ्ठ्याचा तेवढाच खोका करून डिकीत ठेवून बघा. दार पूर्ण बंद होतं का, स्टेपनी काढता येते का, टाकीच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचतो का, हे तेव्हाच कळतं.

पोर्ट करायचाच असेल तर

ज्यांना पुढे तो मोह होईल त्यांच्यासाठी हा भाग. बाकीच्यांनी सरळ पुढची पायरी घ्यावी. याच वूफरसाठी निव्वळ २० लिटर आणि ३६ हर्ट्झ ट्यूनिंग धरू. गोल पाइपची लांबी अशी निघते:

लांबी (सेंमी) = २३५६२.५ × व्यास² ÷ (ट्यूनिंग² × लिटर) − ०.७३२ × व्यास

व्यास म्हणजे पाइपचा आतला व्यास, सेंटिमीटरमध्ये. इथे एक गफलत नेहमी होते. प्लंबिंगच्या दुकानातला ७५ मिमीचा पीव्हीसी पाइप बाहेरून ७५ असतो. आतून तो ७० च्या जवळ भरतो, म्हणून विकत घेताना स्वतः मोजा. आता आकडे बघा. आतून ५ सेंमीचा पाइप घेतला तर लांबी १९ सेंमी येते, सहज मावते. पण एवढ्या चिंचोळ्या तोंडातून हवा फुसफुसत राहते. ७ सेंमी घेतला तर लांबी ३९ सेंमी. ८.६ सेंमी घेतला तर ६१ सेंमी, म्हणजे बॉक्सपेक्षा पाइप लांब. छोट्या पोर्टेड बॉक्सची खरी अडचण हीच आहे: मोकळा श्वास घेणारा पोर्ट आणि छोटा बॉक्स एकत्र नांदत नाहीत. मधला ७ सेंमीचा पाइप कोपरा वळवून घालता येतो. त्याची दोन्ही तोंडं कर्ण्यासारखी पसरट करा आणि आतलं टोक भिंतीपासून निदान एक व्यास दूर ठेवा. पाइप स्वतः आतली पावणेदोन लिटर जागा खातो, तीही २० मध्ये मिळवा. पाइप आधी दोन-तीन सेंमी लांबच कापा. तासून ट्यूनिंग वर नेता येतं, छोटा पडलेला पाइप मात्र वाढवता येत नाही. आणि ज्या अ‍ॅम्पला सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे, न झेपणारे सूर अडवणारा) नाही, त्यावर पोर्टेड बॉक्स लावू नका. ३६ च्या ट्यूनिंगला फिल्टर २९-३० हर्ट्झवर ठेवतात.

चौथी पायरी: लाकूड

एमडीएफ सगळीकडे एकसारखं घट्ट असतं आणि कापायला सोपं, म्हणून बॉक्ससाठी ते पहिली पसंती ठरलं. पण पाणी लागलं की कडा फुगतात, आणि एकदा फुगलेली कड परत बसत नाही. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात डिकीत ओल्या छत्र्या, ओले बूट येतातच. तिथे मी आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय सुचवेन. ते घेताना कडेकडून नीट बघा, थरांमध्ये पोकळी दिसली तर तो तुकडा नको. पोकळीतून हवा शिट्टी घालते. पुण्यासारख्या कोरड्या हवेत एमडीएफ चालतं, फक्त कडांना आणि तळाला आतून-बाहेरून सीलर किंवा रंगाचे दोन हात द्या. पार्टिकल बोर्ड कुठेच वापरू नका, त्यात स्क्रू टिकत नाही.

एवढ्या छोट्या बॉक्सला १८ मिमी जाडी भरपूर आहे. १२ मिमी घेऊन जागा वाचवायचा विचार मनात येईल. तसं केलं तर आधारपट्ट्या वाढवा. वाजताना बॉक्सच्या भिंतीवर तळहात ठेवला आणि भिंत थरथरली, तर तेवढा बेस लाकडातच वाया जातो आहे.

पाचवी पायरी: जोडणी आणि हवा कोंडणं

कापणी प्लायच्या दुकानातल्या मशीनवर करून घ्या. हाताच्या करवतीने काटकोन साधणं कठीण, आणि बॉक्सचं अर्धं यश काटकोनात आहे. वूफरचं भोक तक्त्यातल्या मापाने जिगसॉने कापा. आठ इंचीला ते १८ सेंमीच्या थोडं पुढे-मागे असतं. वूफर घरी आल्याशिवाय भोक कापू नका.

जोडताना आधी कोरडं जुळवून बघा. मग कडेला फेव्हिकॉलची सलग रेघ, शिकंजा आणि दर दहा सेंटिमीटरला स्क्रू. स्क्रूआधी बारीक ड्रिलने वाट करून घ्या, नाहीतर एमडीएफची कड उकलते. बाहेर आलेला फेव्हिकॉल ओल्या फडक्याने पुसा आणि रात्रभर हात लावू नका. बाजूच्या दोन फळ्यांच्या मध्ये, वूफरच्या चुंबकाला न लागेल अशी, एक आधारपट्टी बसवा. शेवटची फळी लावण्याआधी आतल्या सगळ्या सांध्यांवरून सिलिकॉन सीलंटची रेघ ओढा. आंबूस वासाच्या सिलिकॉनमधून व्हिनेगरसारखी वाफ येते आणि ती धातूला लागते, म्हणून सीलंट पूर्ण सुकेपर्यंत, निदान एक पूर्ण दिवस, वूफर बसवू नका.

माझ्या पहिल्या बॉक्सला सांधे उत्तम होते आणि तरीही जोराच्या ठेक्याला फर्रर्र असा आवाज यायचा. दोन दिवस वूफरच बिघडला असं समजून मी त्याच्याकडे बघत होतो. गळती निघाली मागच्या टर्मिनल कपमध्ये, तारांच्या खिळ्यांभोवती. तेव्हापासून टर्मिनल कपच्या खाली फोमची पट्टी आणि आतून खिळ्यांवर सीलंट हे मी चुकवत नाही. वूफरच्या कडेखालीही फोमची पट्टी हवीच.

हवाबंदीची तपासणी सोपी आहे. कोनच्या मध्याभोवती चार बोटं सारख्या दाबाने ठेवून कोन अलगद आत ढकला आणि सोडा. दाबताना उशीसारखा विरोध जाणवला आणि कोन सावकाश परत आला तर बॉक्स घट्ट आहे. लगेच उसळून आला तर कुठेतरी वाट आहे. उदबत्ती सांध्यांभोवती फिरवत कमी आवाजात ३० हर्ट्झचा टोन वाजवला की धूर जिथे हलतो तिथे गळती सापडते.

आत उशीत भरायचा पॉलिस्टर कापूस घाला. १२ लिटरला १५० ते २०० ग्रॅम, मोकळा करून, न कोंबता. त्यामुळे वूफरला बॉक्स आहे त्यापेक्षा थोडा मोठा वाटतो आणि आवाजाचा घुमारा कमी होतो. खरा कापूस ओल धरतो, तो वापरू नका. वूफरच्या चुंबकामागे हवेचं छिद्र असेल तर त्याच्यापुढे जाळीचा तुकडा लावा.

सहावी पायरी: गाडीत बसवणं आणि वायरिंग

तेरा-चौदा लिटरची ही पेटी वूफरसकट आठ-दहा किलोच्या घरात जाते. अचानक ब्रेक लागला तर ती सुटी राहता कामा नये. पट्ट्यांनी किंवा कोन-पट्टीने ती बांधा. पण तळाला स्क्रू मारण्याआधी गाडीखाली वाकून बघा: इंधनाची नळी, ब्रेकची नळी, वायरिंग कुठून जातं ते. सीएनजीच्या गाडीत टाकी, तिचा पट्टा, नळी यांना हात लावायचा नाही, त्यांना बॉक्स टेकवायचा नाही, आणि गळका गॅस बाहेर नेणाऱ्या हवेच्या नळ्या झाकायच्या नाहीत. टाकीतून निघणाऱ्या गॅसच्या नळीत २०० बारपर्यंत दाब असतो. अ‍ॅम्पही टाकीच्या बाजूला न लावता सीटखाली लावलेला बरा.

१५० वॉटचा क्लास-डी अ‍ॅम्प पूर्ण ताकदीवर साधारण १५ अँपिअर खेचतो. त्याला ८ गेजची तांब्याची वायर आणि २५ अँपिअरचा फ्यूज पुरे. हा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर आग लागण्यापासून तोच वाचवतो. बाजारातल्या स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर असते. टोक चाकूने खरवडलं की आतून पांढरं दिसतं. ती घेतली तर एक-दोन गेज जाड घ्या. अर्थिंगची वायर अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको, आणि बोल्टखालचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर सर्वांत आधी हाच बोल्ट तपासायचा. सिग्नलची केबल पॉवरच्या वायरपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या.

सातवी पायरी: जुळवणी

मला सर्वांत आवडणारं काम हे, आणि यातच सर्वाधिक घाई होते.

सुरुवात गेनपासून. गेन म्हणजे आवाजाचा नॉब नाही. स्टिरिओचा सिग्नल आणि अ‍ॅम्पची क्षमता यांचा मेळ घालायला तो असतो. वूफरची वायर काढा. स्टिरिओमधलं बेस, ट्रेबल, लाउडनेस सगळं शून्यावर आणा, अ‍ॅम्पचा बेस बूस्ट बंद ठेवा. स्टिरिओचा आवाज कमालच्या तीन-चतुर्थांशावर न्या आणि ५० हर्ट्झचा टेस्ट टोन वाजवा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या वूफर-टर्मिनलवर लावा. किती व्होल्ट हवेत, ते वॉट आणि ओहमच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढून कळतं. १५० वॉट, ४ ओहम: ६०० चं वर्गमूळ, २४.५ व्होल्ट. मीटर तिथे पोचेपर्यंत गेन सावकाश वाढवा आणि थांबा. अ‍ॅम्पची आरएमएस क्षमता वूफरपेक्षा कमी असेल तर हिशोब अ‍ॅम्पच्या आकड्याने करा. ताकदीच्या पुढे ढकललेला अ‍ॅम्प लहरीची टोकं कापतो आणि त्या कापलेल्या सिग्नलने छोट्या वूफरची कॉइल तापते. दोन कॉइलच्या वूफरमध्ये २ आणि २ ओहम एकामागे एक जोडले तर ४, शेजारी-शेजारी जोडले तर १. आपला अ‍ॅम्प १ ओहम सोसतो का हे आधी बघा.

मग बॉक्स खरोखर हिशोबाप्रमाणे झाला का ते तपासा. अ‍ॅम्प आणि वूफर यांच्यामध्ये १०० ओहमचा, ५ वॉटचा रेझिस्टर जोडा, अ‍ॅम्पचा लो-पास फिल्टर (ठरलेल्या फ्रिक्वेन्सीच्या वरचे सूर अडवणारा) बंद करा, आवाज अगदी कमी ठेवून अ‍ॅम्पमधून तीनेक व्होल्ट काढा. आता २० पासून १२० हर्ट्झपर्यंत पाच-पाचच्या टप्प्याने टोन वाजवत वूफरच्या टोकांवरचे व्होल्ट वहीत लिहा. व्होल्ट जिथे सर्वाधिक येतात ती बॉक्सची रेझोनन्स. आपल्या नमुन्यात ती ५७ च्या जवळ हवी. ६५ आली तर आतली जागा अंदाजापेक्षा कमी पडली आहे, किंवा वूफर नवा असून अजून मोकळा झालेला नाही. या मापनाला २ व्होल्टची एसी रेंज असलेला मीटर लागतो. २०० व्होल्टपासून सुरू होणाऱ्या स्वस्त मीटरवर हे आकडे दिसणार नाहीत. पोर्टेड बॉक्समध्ये दोन शिखरं येतात आणि त्यांच्या मधली दरी म्हणजे ट्यूनिंग. त्या फ्रिक्वेन्सीला कोन जवळजवळ स्थिर दिसतो आणि पोर्टमधून मात्र वारा येतो.

आता क्रॉसओव्हर, म्हणजे वूफर आणि दारातले स्पीकर यांच्यात सूर वाटून देणारी सीमा. वूफरचा लो-पास ८० हर्ट्झवर आणि दारातल्या स्पीकरचा हाय-पासही (खालचे सूर अडवणारा फिल्टर) ८० वर ठेवून सुरुवात करा. दारातले स्पीकर लहान असतील तर दोन्ही ९०-१०० पर्यंत न्यावे लागतील; त्यापुढे गेलात तर बेस डिकीतून येतो आहे हे कळू लागतं. दारातल्या स्पीकरवरून खालचा भार काढला की तेही मोकळे होतात, आणि गायकाचा आवाज स्वच्छ होतो. हा फायदा पुष्कळांना अपेक्षित नसतो.

त्यानंतर फेज, म्हणजे वूफर आणि दारातले स्पीकर एकाच वेळी एकाच दिशेने हलतात का ते. ८० हर्ट्झचा टोन वाजवा, ड्रायव्हरच्या सीटवर बसा, आणि दुसऱ्या कुणाला फेजचा स्विच शून्यावरून १८० वर आणि परत करायला सांगा. ज्या स्थितीत आवाज मोठा ऐकू येतो ती बरोबर. स्विच नसेल तर वूफरच्या दोन वायरी उलट्या करून हेच बघा. पेटीचं तोंड दाराकडे, सीटकडे, वरच्या दिशेला असं फिरवूनही ऐका. डिकीत पाच-सात सेंटिमीटर सरकवल्यानेही फरक पडतो. फोनवरच्या मोजमापाच्या अ‍ॅपचा उपयोग आधी-नंतरची तुलना करण्यापुरता करा. फोनचा माइक खालच्या फ्रिक्वेन्सी नीट टिपत नाही, त्यामुळे त्याच्या आलेखावरून बेस वाढवत बसू नका.

शेवटी कान. ओळखीचं गाणं लावा, ज्यात तबला किंवा ढोलकी आणि माणसाचा आवाज दोन्ही स्वच्छ आहेत असं. डग्ग्याची मींड सलग उतरत गेली पाहिजे. मध्येच एखादा सूर फुगला तर तो कितव्या हर्ट्झला फुगतो ते टोन वाजवून शोधा आणि इक्वलायझरमध्ये तेवढाच भाग दोन-तीन डेसिबल खाली घ्या. खड्डा दिसला तर तो वर ढकलून भरू नका, कोनची हालचाल वाढते आणि खड्डा तसाच राहतो. वूफरची पातळी अशी ठेवा की तो बंद केल्यावर उणीव जाणवावी, पण चालू असताना त्याच्याकडे लक्ष जाऊ नये. नंबर प्लेट किंवा डिकीचं प्लास्टिक खडखडलं तर तिथे फोमची पट्टी चिकटवा.

हे सगळं झाल्यावर पंधरा दिवस मध्यम आवाजातच गाणी ऐका. नव्या वूफरचं सस्पेन्शन तेवढ्यात मोकळं होतं, फोमच्या पट्ट्या दबून बसतात आणि वूफरचे स्क्रू थोडे सैल होतात. ते समोरासमोरच्या जोडीने हाताने आवळा, अर्थिंगचा बोल्ट एकदा तपासा, आणि ८० हर्ट्झची फेज पुन्हा ऐका.